ताळेबंद आणि टाळेबंदी : अमेरिकेतील विनियोजन-संघर्षाची चिकित्सा

प्रस्तावना

लोकशाही शासनपद्धतीत राजकोषावर अंतिम अधिकार कोणाचा, हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा नसून सार्वभौमत्वाच्या स्वरूपाशी निगडित असा राज्यशास्त्रीय प्रश्न होय. राजाने संसदेच्या संमतीवाचून कर बसवू नये, या आग्रहातून इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा वाद अमेरिकेच्या संविधानकर्त्यांनी एका वाक्यात मिटविला, निदान तसे त्यांना वाटले. कायद्याने केलेल्या विनियोजनाखेरीज कोषागारातून कोणतीही रक्कम काढता येणार नाही, अशी तरतूद १७८७ च्या संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदातील नवव्या कलमात आहे. थैलीवरील ही सत्ता म्हणजे लोकप्रतिनिधींच्या हातातील सर्वांत परिणामकारक शस्त्र होय, असे प्रतिपादन जेम्स मॅडिसन यांनी ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतील ५८ व्या लेखात केले.

तथापि हे शस्त्र ज्यांनी धारण करावयाचे त्यांच्यावरच ते कसे उलटते, याचा प्रत्यय १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या ४३ दिवसांत आला. नव्या वित्तीय वर्षासाठीचे एकही विनियोजन विधेयक संमत न झाल्याने अमेरिकेच्या संघशासनाचा मोठा भाग बंद पडला. तोवरच्या इतिहासातील ही सर्वांत दीर्घ शासनबंदी होती. तिची झळ बसलेल्या सुमारे चौदा लाख कर्मचाऱ्यांपैकी अदमासे निम्म्यांना बिनपगारी सक्तीच्या रजेवर जावे लागले, तर उरलेल्यांना विनावेतन काम करावे लागले.

अशा घटनेकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एका रीतीनुसार शासनबंदी हे कायदेमंडळाच्या वित्तीय नियंत्रणाचे टोकाचे, परंतु वैध रूप ठरते. दुसऱ्या रीतीनुसार ती दोन पक्षांच्या हट्टाग्रहाची निष्पत्ती असते. पहिली रीत संविधानाच्या अक्षराला धरून चालते, दुसरी वर्तमानपत्री वृत्तांताला. दोहोंच्याही नजरेतून एक गोष्ट निसटते. शासनबंदीच्या काळात खर्चाविषयीचे निर्णय थांबत नाहीत; ते केवळ कायदेमंडळाच्या सभागृहातून उठून कार्यकारी मंडळाच्या कचेरीत जातात. थैलीवरील हक्क सिद्ध करण्यासाठी तिची गाठ आवळावी आणि त्या खटाटोपात थैलीच दुसऱ्याच्या हाती जावी, असा हा प्रकार आहे. प्रस्तुत लेखात याच अंगाने शासनबंदीची चिकित्सा केली आहे.

एका शब्दाची अडचण

मराठी वृत्तपत्रांत ‘शटडाउन’ या शब्दाबरोबर ‘टाळेबंदी’ हा शब्दही योजला जातो. औद्योगिक संबंधांच्या परिभाषेत या शब्दाला नेमका अर्थ आहे. कामगार काम थांबवितात तो संप आणि मालक कारखान्याचे दरवाजे बंद करतो ती टाळेबंदी. मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या माणसाला हा भेद कोशात पाहावा लागत नाही. अमेरिकेतील प्रकाराला हा शब्द लावून पाहिला, की लगेच प्रश्न उभा राहतो : येथे मालक कोण? काँग्रेस म्हणते, आम्ही विधेयक केले, राष्ट्राध्यक्षांनी ते स्वीकारले नाही. राष्ट्राध्यक्ष म्हणतात, काँग्रेसने विधेयकच पाठविले नाही. सिनेटमधील बहुमत अल्पमताकडे बोट दाखविते आणि अल्पमत म्हणते, बहुमत ज्यांचे आहे त्यांनी सरकार चालवावे. टाळे सर्वांसमक्ष लागलेले असते, ते लावणारा हात मात्र कोणाचाच नसतो.

या संदर्भात १९८१ हे साल विशेष लक्षणीय आहे. संघशासनाच्या कर्मचाऱ्यांना तेथे संप करण्यास कायद्याने मनाई आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये संपावर गेलेल्या हवाई वाहतूक नियंत्रकांपैकी ११ हजारांहून अधिक जणांना राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी बडतर्फ केले. त्याच रेगन यांनी नोव्हेंबरमध्ये एका निधी-विधेयकावर नकाराधिकार वापरला आणि सुमारे २ लाख ४१ हजार कर्मचाऱ्यांना घरी पाठविले गेले. म्हणजे कर्मचाऱ्याला काम थांबविण्याचा अधिकार नाही. सरकारने थांबविलेले काम निमूटपणे सोसण्याचे, आणि सांगितले तर टाळे लागलेल्या कचेरीत बिनपगारी राबण्याचे बंधन मात्र आहे. असली टाळेबंदी कोणत्याही गिरणीमालकाला सुचली नसती. म्हणूनच पुढील विवेचनात ‘शासनबंदी’ हा शब्द पत्करला आहे. शीर्षकातील ‘टाळेबंदी’ ही ‘ताळेबंद’ या शब्दाशी असलेल्या उच्चारसाम्यापुरती समजावी. जमाखर्चाचा ताळेबंद हे या संघर्षाचे निमित्त असते आणि बहुतेक वेळा तेवढेच असते.

कायद्याचा अन्वय आणि शासनबंदीचा जन्म

संविधानात शासनबंदी नाही. विनियोजनावाचून खर्च नाही, एवढेच संविधान सांगते; विनियोजन झालेच नाही तर काय, याविषयी ते मौन पाळते. हे मौन पुढे एका सामान्य कायद्याने भरून काढले. एकोणिसाव्या शतकात निरनिराळी सरकारी खाती वर्षाचा निधी काही महिन्यांतच संपवीत आणि मग ‘आता पैसे द्या, नाही तर काम अडेल’ असे म्हणत काँग्रेसच्या दारात उभी राहत. कर्मचाऱ्यांकडून ‘स्वेच्छेने’ जादा काम करून घ्यावयाचे आणि नंतर त्याच्या मोबदल्याचा दावा सरकारवर लादावयाचा, हीही एक रीत होती. या लबाडीला आवर घालण्यासाठी १८७० मध्ये आणि नंतर १८८४ मध्ये ज्या तरतुदी झाल्या, त्यांतून ‘अँटिडेफिशियन्सी अ‍ॅक्ट’ म्हणजे मंजुरीबाहेरील खर्चास मनाई करणारा कायदा आकाराला आला. १९०५ आणि १९०६ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. जीवित आणि मालमत्ता यांच्या रक्षणाचा आणीबाणीचा प्रसंग वगळता कोणाचीही विनामोबदला सेवा सरकारने स्वीकारू नये, हे त्याचे एक महत्त्वाचे अंग होते.

या कलमाचा मूळ हेतू आणि त्याचे आजचे फलित यांतील विसंगती नोंदविण्याजोगी आहे. विनावेतन श्रम स्वीकारण्यास सरकारला मनाई करणारा हा कायदा आहे. त्यातील आणीबाणीचा अपवाद हा नियमाच्या कडेला ठेवलेला होता. आज शासनबंदीच्या काळात लक्षावधी कर्मचारी त्याच अपवादाच्या आधारे विनावेतन कामावर बोलावले जातात. ज्या कलमाने फुकटचे काम बंद करावयाचे होते, त्याच कलमाच्या आश्रयाने ते राजरोस चालते.

तरीही १८८४ पासून जवळजवळ शतकभर या कायद्यामुळे शासन बंद पडले नाही. विनियोजन विधेयकांना उशीर होतच असे. परंतु निधी संपला म्हणजे कचेरीला कुलूप लावावे, असा कायद्याचा अर्थ कोणी करीत नसे. किरकोळ खर्चाला कात्री लावून खाती कामे चालू ठेवीत आणि मागाहून संमत होणाऱ्या विधेयकात हा मधला काळ भरून काढला जाई. १९७४ नंतर परिस्थिती पालटली. काँग्रेसने मंजूर केलेला निधी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन अडवून ठेवीत असल्याने त्या वर्षी अर्थसंकल्प व निधी-अडवणूक नियंत्रणाचा कायदा संमत झाला. मंजूर पैसा खर्च न करण्याच्या राष्ट्राध्यक्षांच्या सत्तेला त्याने वेसण घातली, काँग्रेसचे स्वतःचे अर्थसंकल्प कार्यालय उभे केले आणि काँग्रेसला पुरेसा अवधी मिळावा म्हणून वित्तीय वर्षाचा आरंभ १ जुलैवरून १ ऑक्टोबरवर नेला. तीन महिने वाढवून मिळाले, पण विधेयकांचा उशीर कमी झाला नाही. १९७६ मध्ये नवे वेळापत्रक लागू झाल्यापासून सर्व नियमित विनियोजन विधेयके मुदतीत संमत होण्याचा योग केवळ चार वेळा आला आणि त्यांतील शेवटचा १९९६ मध्ये. एरवी जुन्या दराने खर्च चालू ठेवणाऱ्या तात्पुरत्या ठरावावर, म्हणजे तेथे ज्याला ‘कंटिन्युइंग रेझोल्यूशन’ म्हणतात त्यावर, गाडा हाकला जातो.

निर्णायक वळण आले ते राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कारकिर्दीत. त्यांचे अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी २५ एप्रिल १९८० रोजी असे मत दिले, की निधीची मुदत संपताच खात्याने कामकाज आवरते घेण्यापलीकडे कोणताही खर्च करणे बेकायदेशीर ठरेल. १ मे रोजी फेडरल ट्रेड कमिशन ही संस्था एका दिवसापुरती बंद झाली आणि या मताची पहिली प्रचीती आली. १६ जानेवारी १९८१ रोजी, म्हणजे कार्टर पायउतार होण्यास चार दिवस उरले असताना, सिव्हिलेटी यांनी दुसरे मत देऊन जीवित व मालमत्ता यांच्या रक्षणाचा अपवाद विशद केला. १९९० मध्ये काँग्रेसने हा अपवाद आणखी आवळला. मात्र मूळ पायंडा हा ना संविधानाने घालून दिला, ना काँग्रेसच्या कायद्याने. तो कार्यकारी मंडळाच्या एका विधी-अधिकाऱ्याने केलेला जुन्या कायद्याचा नवा अन्वय होता.

हा अन्वय शब्दशः पाहता चुकीचा म्हणता येत नाही आणि तेथेच खरी मेख आहे. निधीवाचून खर्च नाही हे तत्त्व तंतोतंत पाळले तर काँग्रेसला वेळेवर काम करावे लागेल, असे गृहीत त्यामागे होते. कायद्याचा धाक माणसाला शिस्त लावतो, ही समजूत वकिलीपेशाला शोभणारीच आहे. परंतु येथे धाक घातला गेला तो चूक करणाऱ्याला नव्हे. विधेयक न करणाऱ्या सदस्याची जागा जात नाही, राष्ट्राध्यक्षांचे पद जात नाही. काँग्रेस-सदस्यांचे वेतन स्थायी विनियोजनातून दिले जाते, म्हणून शासनबंदीतही ते अखंड चालू असते. दंड भरतो तो उद्यानाचा पहारेकरी, विमानतळावरील तपासनीस आणि सरकारी इमारतीत कंत्राटावर झाडलोट करणारा सफाई कामगार. यांपैकी पहिल्या दोघांना २०१९ च्या कायद्यान्वये थकीत वेतनाची हमी मिळाली. तिसऱ्याला तीही नाही.

तीन लढाया

सिव्हिलेटी-मताने तयार झालेले हत्यार राजकीय दृष्ट्या परजले गेले ते १९९५ मध्ये. प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच यांच्या नेतृत्वाखालील रिपब्लिकन बहुमताला सात वर्षांत संतुलित अर्थसंकल्प हवा होता आणि त्यासाठी मेडिकेअर या वृद्धांच्या आरोग्यविमा योजनेच्या खर्चवाढीला आळा घालावयाचा होता. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी नकार दिला. नोव्हेंबरमध्ये पाच दिवस आणि डिसेंबर-जानेवारीत २१ दिवस, अशी दोन वेळा शासनबंदी झाली. या लढाईत तत्त्वाचा अंश होता हे मान्य केले पाहिजे. राज्याने किती पसरावे हा त्या वादाचा गाभा होता. परंतु इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांच्या अंत्यविधीहून परतताना विमानात मागे बसविले गेल्याची तक्रार गिंग्रिच यांनी पत्रकारांसमोर केली आणि जनमानसात तत्त्व मागे पडून रुसवाच शिल्लक राहिला. १९९६ मध्ये क्लिंटन पुन्हा निवडून आले.

२०१३ ची शासनबंदी (१ ते १६ ऑक्टोबर) ही या हत्याराच्या निरर्थकतेचा वस्तुपाठ म्हणावी लागेल. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचा आरोग्यविमा कायदा निधीअभावी रोखणे, हे रिपब्लिकन पक्षातील एका आक्रमक गटाचे उद्दिष्ट होते. पण त्या कायद्याचा बराचसा खर्च वार्षिक विनियोजनावर अवलंबूनच नव्हता. परिणामी ज्या दिवशी स्मारके आणि उद्याने बंद झाली, नेमक्या त्याच १ ऑक्टोबरला आरोग्यविम्याच्या नव्या बाजारपेठा नागरिकांसाठी खुल्या झाल्या. जे बंद पाडावयाचे होते ते चालू राहिले. ज्यांचा वादाशी संबंध नव्हता ते बंद पडले. अमेरिकेच्या एकूण संघीय खर्चापैकी वार्षिक विनियोजनाच्या कक्षेत येणारा भाग सुमारे एक चतुर्थांशच असतो. निवृत्तिवेतन, मेडिकेअर आणि कर्जावरील व्याज यांना शासनबंदीचा स्पर्शही होत नाही. तूट वाढविणारा मोठा खर्च सुरक्षित राहतो आणि लहान वाट्यावर सगळी लढाई होते, याकडे ‘खर्चाला आळा घालण्यासाठी’ शासनबंदीचे समर्थन करणारे सोयीस्करपणे दुर्लक्ष करतात.

तिसरी लढाई २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ अशी ३५ दिवस चालली. मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना ५.७ अब्ज डॉलर हवे होते. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने नंतर केलेल्या अंदाजानुसार या बंदीने अर्थव्यवस्थेचे ११ अब्ज डॉलरचे उत्पादन बुडाले आणि त्यातील ३ अब्ज कायमचे गेले. मागितल्या रकमेच्या निम्म्याहून अधिक रक्कम तिच्यावरील भांडणातच नाहीशी झाली. शेवट झाला तोही सभागृहातील युक्तिवादाने नव्हे. हवाई नियंत्रक पुरेशा संख्येने कामावर न आल्याने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरील वाहतूक विस्कळीत झाली आणि त्याच दिवशी माघार जाहीर झाली. तीन आठवड्यांनी, १५ फेब्रुवारी २०१९ रोजी, ट्रम्प यांनी राष्ट्रीय आणीबाणी घोषित करून काँग्रेसने नाकारलेला पैसा अन्य मार्गाने वळविला. थैलीची सत्ता कायदेमंडळाची, या सूत्राचे त्या दिवशी काय उरले?

‘अत्यावश्यक’ ठरविण्याची सत्ता

या प्रश्नाचे उत्तर शासनबंदीच्या एका दुर्लक्षित अंगात सापडते. निधी संपल्यावर कोणते काम चालू ठेवावयाचे आणि कोणते थांबवावयाचे, हे कोण ठरवितो? काँग्रेस नव्हे. प्रत्येक खाते आपली योजना तयार करते आणि राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतील व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालय तिच्यावर देखरेख ठेवते. जीवित आणि मालमत्ता यांचे रक्षण या दोन शब्दांत किती मावेल, याचा निर्णय त्या कार्यालयाच्या मर्जीवर अवलंबून असतो. ज्या राष्ट्राध्यक्षाला बंदीची झळ लोकांना जाणवावी असे वाटते तो दर्शनी जागा बंद करतो. ज्याला ती झाकावयाची आहे तो त्या उघड्या ठेवतो. २०१३ मध्ये वॉशिंग्टनमधील दुसऱ्या महायुद्धाच्या खुल्या स्मारकाभोवती अडथळे उभे राहिले आणि वयोवृद्ध सैनिकांनी ते बाजूला सारले. २०१८-१९ मध्ये राष्ट्रीय उद्याने प्रवेशशुल्काच्या शिलकीतून उघडी ठेवली गेली. हा खर्च कायद्याचा भंग करणारा होता, असा निष्कर्ष गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस या काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने सप्टेंबर २०१९ मध्ये दिला. पण तोवर उद्याने केव्हाच नेहमीप्रमाणे सुरू झाली होती.

काय चालू आणि काय बंद याची रेषा किती यदृच्छेने पडते, याचा अनुभव पुण्या-मुंबईतील संगणक अभियंत्यांनाही येऊन गेला आहे. एच-१बी व्हिसाच्या अर्जासाठी आधी अमेरिकेच्या श्रम खात्याचे प्रमाणन लागते. अर्ज तपासणारी नागरिकत्व व स्थलांतर सेवा शुल्कावर चालते, म्हणून ती शासनबंदीतही उघडी असते. श्रम खाते विनियोजनावर चालते, म्हणून प्रमाणन थांबते. २०१३ मध्ये ते थांबले आणि २०२५ मध्येही काही आठवडे थांबले. २०१८-१९ मध्ये मात्र त्या खात्याचा निधी आधीच मंजूर असल्याने ते चालू राहिले. एकाच कामाची एक खिडकी उघडी आणि दुसरी बंद, यामागे कोणतेही धोरण नसते.

जबाबदारीचे मूल्यमापन

येथे भारतीय संविधानाशी तुलना अपरिहार्य ठरते, कारण मूळ तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. भारताच्या संचित निधीतून कायद्यानुसार असल्याखेरीज पैसा काढता येणार नाही, असे अनुच्छेद २६६ सांगतो. फरक आहे तो या तत्त्वाच्या शेजारी काय ठेवले आहे, यात. अनुच्छेद ११६ ने लेखानुदानाची सोय केली आहे. अनुच्छेद १०९ नुसार धन विधेयकाबाबत राज्यसभेला चौदा दिवसांत केवळ शिफारशी करता येतात. आणि अनुच्छेद ७५ अन्वये मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. लोकसभेने पैसा नाकारला तर कचेऱ्या बंद होत नाहीत, सरकार जाते. ऑस्ट्रेलियात १९७५ मध्ये सिनेटने निधी अडविला, तेव्हा गव्हर्नर-जनरल जॉन कर यांनी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना ११ नोव्हेंबरला पदच्युत केले आणि १३ डिसेंबरला निवडणूक झाली. त्या पदच्युतीच्या औचित्याविषयी दीर्घकाळ वाद झाला. पण कोंडीची किंमत राज्यकर्त्यांनी मोजली, कारकुनांनी नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना केलेले विवेचन या संदर्भात मूलगामी आहे. कार्यकारी मंडळ स्थिर असावे आणि जबाबदारही असावे, परंतु हे दोन्ही गुण सारख्या प्रमाणात देणारी पद्धती अद्याप सापडलेली नाही, असे त्यांनी म्हटले होते. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी अधिक. मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले. जबाबदारीचे मूल्यमापन केवळ निवडणुकीच्या वेळी नव्हे तर दररोज व्हावे, हा त्यांच्या मांडणीचा कणा होता. कोलंबिया विद्यापीठात एडविन सेलिग्मन यांच्या हाताखाली सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केलेल्या आंबेडकरांना हा प्रश्न नवा नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला, आणि विभागलेल्या जबाबदारीच्या द्विदल राज्यपद्धतीत वित्तव्यवस्था निकोप राहू शकत नाही, हे त्यात त्यांनी दाखविले होते. अमेरिकेतील शासनबंदीचे निदान याच दिशेने करावे लागते. स्थैर्य एवढे पक्के आहे, की अर्थसंकल्पाच्या बाबतीत पूर्ण अपयश येऊनही कोणी पदावरून हलत नाही. जे स्थिर राहिले ते सत्ताधारी. अस्थिर झाले ते प्रशासन.

मात्र या तुलनेतून आत्मसंतुष्ट होण्याचे कारण नाही. भारतात शासनबंदी होत नाही याचे श्रेय जितके संविधानाला, तितकेच संसदेच्या दुबळेपणालाही द्यावे लागेल. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आल्यानंतर सत्ताधारी सदस्याने कपात सूचनेच्या बाजूने मत देणे म्हणजे सदस्यत्व धोक्यात घालणे होय. मार्च २०१८ मध्ये सर्व मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या आणि वित्त विधेयक लोकसभेने गदारोळात, चर्चेविना संमत केले. अमेरिकेत थैली इतकी आवळली जाते की श्वास कोंडावा. येथे ती उघडताना कोणी आत डोकावतही नाही. अमेरिकन काँग्रेसच्या समित्या खर्चाच्या एकेका शीर्षाची जी तपासणी करतात, तिचा भारतीय संसदेला हेवा वाटावा. म्हणूनच त्या तपासणीची परिणती कुलुपात व्हावी, हे अधिक खेदजनक आहे.

२०२५ : करार आणि त्याचे मोल

पुन्हा २०२५ कडे वळले असता असे दिसते, की या वेळचा वाद नेहमीपेक्षा खोल होता. वरकरणी मुद्दा होता आरोग्यविम्याच्या हप्त्यांवरील वाढीव कर-सवलतींचा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२२ मध्ये वाढविलेल्या या सवलतींची मुदत २०२५ अखेर संपणार होती. सिनेटमध्ये चर्चा थांबवून विधेयक मतास टाकण्यासाठी ६० मते लागतात आणि रिपब्लिकन पक्षाकडे तेवढी नव्हती, म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाने सवलतींच्या मुदतवाढीची अट घातली. २०१३ मध्ये ज्या कायद्याला रोखण्यासाठी एका पक्षाने शासन बंद पडू दिले, त्याच कायद्याखालील सवलती वाचविण्यासाठी २०२५ मध्ये दुसऱ्या पक्षाने तेच केले. निधीच्या विधेयकाला अन्य मागण्या जोडणे म्हणजे ओलीस धरणे, हे २०१३ चे डेमोक्रॅटिक प्रतिपादन होते. २०२५ मध्ये ते रिपब्लिकन नेत्यांच्या तोंडी गेले. दोघांनीही शब्द जपून ठेवले होते, केवळ अदलाबदल केली.

पण आणखी एक गोष्ट पार्श्वभूमीला होती. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने परदेशी साहाय्य आणि सार्वजनिक प्रसारण यांसाठी आधी मंजूर केलेले सुमारे ९ अब्ज डॉलर साध्या बहुमताने रद्द केले. ऑगस्टअखेर ट्रम्प प्रशासनाने परदेशी साहाय्याचे आणखी ४.९ अब्ज डॉलर, वर्ष संपत आलेले असताना, अडवून ठेवले आणि २६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यास तूर्त मुभा दिली. ६० मतांनी केलेला करार पुढे ५१ मतांनी किंवा राष्ट्राध्यक्षांच्या एका पत्राने मोडता येत असेल, तर तो करावा कशासाठी? निक्सन-काळातील अडवणुकीविरुद्ध १९७४ मध्ये बांधलेला बांध फुटू लागला होता. अल्पमतातील पक्षाची ही शंका रास्त होती. तिच्यासाठी निवडलेले हत्यार मात्र नेमके असे, की ज्याने राष्ट्राध्यक्षांची तीच सत्ता वाढावी.

आणि तसेच घडले. शासनबंदीच्या पहिल्याच दिवशी न्यूयॉर्कमधील सुमारे १८ अब्ज डॉलरचे रेल्वे-प्रकल्प रोखल्याची घोषणा अर्थसंकल्प कार्यालयाचे संचालक रसेल व्होट यांनी केली. सैनिकांचे वेतन मात्र संशोधन व विकासाच्या शिल्लक निधीतून, सुमारे ८ अब्ज डॉलर वळवून, देण्यात आले. सैनिकांना पगार मिळाला याला कोण हरकत घेणार? परंतु एका कामाचा पैसा दुसरीकडे वापरण्याचा निर्णय काँग्रेसचा होता, तो तिला विचारलाही गेला नाही. ऑक्टोबरमध्ये सुमारे चार हजार कर्मचाऱ्यांना नोकरीवरून कमी करण्याच्या नोटिसा निघाल्या; त्यांना न्यायालयाने स्थगिती दिली. दुसरीकडे ‘स्नॅप’ या अन्नसाहाय्य योजनेतील सुमारे ४ कोटी २० लाख लोकांसाठी राखीव निधी असूनही तो नोव्हेंबरमध्ये वापरता येणार नाही, अशी भूमिका प्रशासनाने घेतली. प्रकरण न्यायालयांत गेले, आदेश निघाले, त्यांवर अपिले झाली आणि दरम्यान महिन्याचे साहाय्य अनेकांना वेळेवर मिळाले नाही. सैनिकाचा पगार भागविण्यासाठी कायदा ताणता येतो, भुकेल्याच्या ताटासाठी तो ताणता येत नाही, हा निर्णय कोणत्याही सभागृहात मतास टाकला गेला नव्हता.

७ नोव्हेंबरपासून ४० विमानतळांवरील उड्डाणे कमी करण्याचा आदेश लागू झाला आणि २०१९ प्रमाणेच आकाशातील कोंडीने जमिनीवरील तडजोडीला वेग आला. डेमोक्रॅटिक गटातील आठ सिनेटर बहुमताच्या बाजूने गेले, ६० विरुद्ध ४० असे मतदान झाले, प्रतिनिधिगृहाने २२२ विरुद्ध २०९ मतांनी विधेयक संमत केले आणि १२ नोव्हेंबरच्या रात्री त्यावर स्वाक्षरी झाली. कृषी आणि माजी सैनिक-कल्याणासह काही खात्यांना वर्षाचा निधी मिळाला. उरलेल्यांना ३० जानेवारी २०२६ पर्यंतचा तात्पुरता. कपातीच्या नोटिसा मागे घेतल्या गेल्या. मंजूर पैसा राष्ट्राध्यक्षांनी अडवू नये, यासाठी कोणतेही नवे बंधन त्या कायद्यात घातले गेले नाही. आरोग्यविम्याच्या सवलतींबाबत सिनेटमध्ये मतदान घेण्याचे आश्वासन तेवढे देण्यात आले. ते मतदान ११ डिसेंबरला झाले. तीन वर्षांच्या मुदतवाढीला ५१ मते अनुकूल आणि ४८ प्रतिकूल पडली. साठाची अट पुरी न झाल्याने प्रस्ताव बारगळला आणि ३१ डिसेंबर २०२५ रोजी त्या सवलती संपल्या.